नाफ्ता लेंदावा: १९०३ चा की २०१२ चा?

खडूस_पंच (धागाकर्ता)
परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "नाफ्ता लेंदावा हा स्लोव्हेनियातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, १९०३ पासून अखंड चालू." खाली बदामांचा पाऊस. दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण 'अखंड' हा शब्द डोक्यातून जाईना.

जुना नाफ्ता २०१२ मध्ये आर्थिक डबघाईला येऊन संपला. आज खेळतो तो 'नाफ्ता १९०३', नव्याने नोंदवलेला, तळाच्या विभागीय लीगमधून वर चढलेला. चढला याचं कौतुकच आहे. पण हा प्रकार म्हणजे वडिलांचं दुकान बुडाल्यावर शेजारच्या गाळ्यात नवं दुकान काढण्यासारखा. पैसे मागणारे आले की "ते दुकान वेगळं हो", आणि पाटीवर मात्र 'स्थापना १९०३'!

ओलिंपियाचंही तेच. स्लोव्हेनियाच्या स्वातंत्र्यानंतरची पहिली चारही लीग विजेतेपदं (१९९२ ते ९५) राजधानी ल्युब्ल्यानाच्या ज्या ओलिंपियाने घेतली, तो २००५ मध्ये बुडाला. नवा क्लब बेझिग्राद नावाने पाचव्या पायरीवरून निघाला आणि सलग चार बढत्या घेत २००९ मध्ये वर पोचला. तरी स्लोव्हेनियाचा फुटबॉल महासंघ जुनी विजेतेपदं त्याच्या खात्यात मांडत नाही. मग लेंदावालाच माफी का?

ग्रात्सकर
पंच, तुम्ही लेंदावाला गेला आहात का कधी? मी गेले आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सहून गाडीने, नवरा आणि दोन कंटाळलेली मुलं घेऊन. रस्त्यावरच्या पाट्या स्लोव्हेनियन आणि हंगेरियन अशा दोन भाषांत, एका खानावळीत बोग्राच नावाचा तिखटसर मांस-बटाट्याचा रस्सा (मुलांनी न कुरकुरता खाल्ला, इतिहासात नोंद व्हावी), मग दुसऱ्या विभागातली मॅच. शेजारच्या आजोबांना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, जुना क्लब बंद झाल्यावर नव्यासाठी यायला जड नाही गेलं? त्यांना माझा प्रश्नच कळेना. "कुठला नवा?" म्हणाले.

तुमची नोंदणीवही त्या आजोबांना दाखवून या आधी.

खडूस_पंच
आजोबा गोड आहेत. आजोबा पुरावा नाहीत.

सनावळी
तुम्ही दोघेही २०१२ वर अडलात, घोटाळा १९०३ मध्येच आहे. तेव्हा स्लोव्हेनिया होता कुठे? गावाचं नाव आल्शोलेंद्वा, हंगेरीतला झाला परगणा. लेंदावाचा हा प्रेकमुर्ये प्रदेश युगोस्लाव्हियाकडे आला १९१९ मध्ये, शिक्का बसला १९२० च्या, हंगेरीच्या नव्या सीमा ठरवणाऱ्या त्रियानोन तहात. म्हणजे हा क्लब जन्माने हंगेरियन. स्लोव्हेनियन म्हणून सर्वांत जुना म्हणायचं तर ल्युब्ल्यानाचा इलिरिया, १९११.

बाकडं_नं_१२
हे म्हणजे फारच झालं! १९११ मध्ये ल्युब्ल्याना तरी कुठे स्वतंत्र होतं? तिथेही व्हिएन्नाच्या बादशहाचंच राज्य. त्याच्या प्रजेतला एक क्लब 'आपला' आणि दुसरा 'परका', हे कुठलं गणित?

आणि लेंदावा स्लोव्हेनियन नाही म्हणणाऱ्यांनी १९४६-४७ आठवावं. युगोस्लाव्ह पहिल्या लीगमध्ये खेळणारा पहिला स्लोव्हेनियन क्लब कोण? नाफ्ता! तेलविहिरींच्या कामगारांच्या गावाचा क्लब. नावच खनिज तेलावरून.

सनावळी
*युद्धानंतरचा* पहिला. युद्धाआधी राष्ट्रीय स्पर्धेत इलिरिया होता, नंतर एसके ल्युब्ल्याना होता. आणि नाफ्ता तिथे टिकला किती? एक हंगाम.

बाकडं_नं_१२
एक हंगाम तर एक हंगाम. तुमच्या गल्लीतला क्लब किती हंगाम टिकला तिथे?

ग्रात्सकर
अहो, मूळ विषय काय होता?

सनावळी
जन्माचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या काही वर्षांत या क्लबात बुडापेस्टहून पैसा येतोय, क्रोएशियातल्या ओसियेक आणि स्लोव्हाकियातल्या दुनायस्का स्त्रेदा या क्लबांसारखाच. सीमेपलीकडच्या हंगेरियनांची मनं जिंकायचं राजकारण आहे ते. २०२४ ची पहिल्या विभागातली बढती साजरी करताना हेही बोला.

बाकडं_नं_१२
पैसा नव्हता तेव्हा २०१२ मध्ये क्लब मेला, तेव्हा तुमची तत्त्वं कुठे होती? गावातल्या मुलांना मैदान मिळालं, मला तेवढं पुरे. फुकटचं शहाणपण पुरे.

सनावळी
भाषा सांभाळा.

गिरणीचा_भोंगा
मधेच पडतो. मी ज्या टीमसाठी लोकल बदलून बदलून जायचो, ती मालक कंपनीने एका बैठकीत बंद केली. तिच्या नावाने कोणी नवा क्लबही काढला नाही. पाटीवर खोटं साल लावणारा का होईना, कुणीतरी आहे लेंदावात, याचा मला हेवा वाटतो.

शेजारचं मुर्स्का सोबोता बघा. तिथला जुना मुरा क्लब २००५ मध्ये गेला, त्यानंतरचा मुरा ०५ हाही २०१३ मध्ये गेला. मधल्या काळात, २००९ मध्ये, गावाचं पोट भरणारा मुरा कपडे कारखानाही बुडाला. तिसऱ्या मुराने २०२० मध्ये कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोण? नाफ्ता, २-०. पुढच्या मे महिन्यात मारिबोर क्लबला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवून लीग घेतली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅमला २-१. मुराच्या मारोशाचा गोल भरपाईच्या वेळात. त्या रात्री ओरडणाऱ्यांना कुणी विचारलं का, हा कितवा मुरा?

खडूस_पंच
महासंघाने विचारलं. टॉटनहॅमला हरवणाऱ्या मुराच्या नावावर जुन्या मुराचा कप नाही. आणि तरी ते जिंकले! म्हणजे उसन्या इतिहासावाचून अडत नाही, हेच तुम्ही सिद्ध केलंत. आभार.

गिरणीचा_भोंगा
तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा कॉर्नरला डोकं आपटलेलं बरं.

ग्रात्सकर
पंच, सरळ सांगा, १९०३ काढून २०१२ लिहायचं?

खडूस_पंच
बरं. '१९०३' नावात राहू द्या, नाव काय कुणीही काही ठेवतं. 'अखंड' तेवढं पुसा. आणि तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. मान्य, त्यांनी मला एक गोल मारला. ऑफसाइड होता, पण मारला.

सनावळी
आजोबा मॅच बघताना हंगेरियन बोलत होते की स्लोव्हेनियन?

ग्रात्सकर
शिव्या देत होते. भाषा मला कळली नाही.