शब्दचर्चा: 'तिच्यावर विश्वास ठेवा' की 'तिचं म्हणणं खरं माना'?

जर्सीकर
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या राजकारणावरचा लेख मराठीत करतेय आणि लैंगिक अत्याचाराबद्दल बोलणाऱ्या बायकांच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या 'बिलीव्ह विमेन' या घोषणेपाशी गाडी अडलीय. 'बायकांवर विश्वास ठेवा' असं केलं तर संपादकांचं म्हणणं की विश्वास माणसावर ठेवतात, इथे प्रश्न तिने सांगितलेल्या घटनेचा आहे. वरवर किरकोळ वाटेल पण लेखात एक जागा अशी आहे की तिथे हा फरक नडतोच. ५ ऑक्टोबर २०१८ ला सिनेटर सुझन कॉलिन्स यांचं मोठं भाषण झालं, त्यात त्यांनी सांगितलं की डॉ. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांच्यावर लैंगिक अत्याचार झालाय हे मी मानते, पण बाकी कोणाकडून त्याला दुजोरा मिळत नाही, तेव्हा माझं मत सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी नाव असलेल्या ब्रेट कॅव्हानॉ यांना. दुसऱ्या दिवशी ५०-४८ ने ते सुप्रीम कोर्टावर गेले. फोर्डबाई तर शपथेवर सांगत होत्या की तो कॅव्हानॉच होता, शंभर टक्के. मग कॉलिन्सबाईंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला असं मराठीत लिहायचं की नाही?

सातारी मास्तर
'तिचा शब्द प्रमाण माना' असं करा. ठसठशीत आहे आणि घोषणा म्हणून म्हणताही येतं. आणि लेखात 'कथित' फार वापरू नका, 'तथाकथित' तर अजिबातच नको. 'तथाकथित विद्वान' म्हटलं की त्या माणसाची किंमतच काढलेली असते, आणि पेपरवाले बिनदिक्कत 'तथाकथित बलात्कार' छापतात.

बेंच क्लार्क (निवृत्त)
मास्तर, 'प्रमाण' नको. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि शब्द हाच पुरावा का इथेच तर सगळं भांडण आहे. आमच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये महाराष्ट्राच्याच एका केसमध्ये सांगितलंय की अशा बाईची साक्ष ही जखमी साक्षीदाराच्या साक्षीसारखी धरायची, गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष जशी संशयाने बघतात तशी नाही. म्हणजे सुरुवात अविश्वासाने करायची नाही. तरी उलटतपासणी होतेच, ती कोणाला चुकत नाही. 'गृहीत धरणे' आणि 'ग्राह्य धरणे' असे दोन शब्द आहेत कोर्टात. ताईंना दुसरा चालेल असं वाटतं.

अमृता_सं
'ग्राह्य' छान आहे पण घोषणेत कोण म्हणेल हो. मला वेगळंच खटकतं. 'आरोप' या शब्दातच संशय आहे. आरोप, आरोपण, वृक्षारोपण, सगळं एकाच धातूचं, काहीतरी वर चढवणं, लावणं. वेदान्तात तर 'अध्यारोप' म्हणजे जे नाही ते एखाद्यावर चढवून बघणं, दोरीवर साप. आता याच्यासमोर 'फिर्याद' ठेवून बघा. फारसीत फर्याद म्हणजे आक्रोश, धावा. ती ओरडली इतकंच त्यात आहे, खरं की खोटं याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. मी तर म्हणेन की तिने 'आरोप केला' लिहायचंच नाही, 'फिर्याद केली' लिहायचं.

मुळाक्षर
म्हणजे संस्कृत शब्दात खोट आणि फारसी शब्द सोज्ज्वळ? वृक्षारोपण करताना कोणाच्या मनात संशय येतो? आज बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर अर्थ ठरतो, धातूवर नाही. 'तक्रार' घ्या, चांगला घरगुती झालेला शब्द आहे.

अमृता_सं
तक्रार पाणी आलं नाही याचीही असते आणि बलात्काराचीही, म्हणूनच नकोय मला. आणि ज्याच्या मनात संशय आहे तो 'आरोप' हाच शब्द उचलतो, 'फिर्याद' नाही उचलत, हे तर मान्य कराल.

बेंच क्लार्क (निवृत्त)
फिर्याद सगळीकडे बसवू नका. ट्रम्पनी बलात्कार केला असं सांगणाऱ्या लेखिका ई. जीन कॅरल यांची न्यूयॉर्कची केस दिवाणी होती, तिथे त्या वादी, ट्रम्प प्रतिवादी. ९ मे २०२३ ला ज्युरीने ५० लाख डॉलर द्यायला सांगितले, ते लैंगिक अत्याचार आणि बदनामी यांची भरपाई म्हणून. मराठी पेपरांत 'ट्रम्प दोषी' वाचलं, ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. दिवाणीत 'दायित्व' ठरतं, दोष आणि शिक्षा फौजदारीत. पुराव्याचं मापही वेगळं, पारडं थोडं झुकलं तरी पुरतं.

जर्सीकर
काका, अगदी हाच पुढचा परिच्छेद आहे लेखात! ज्युरीने 'बलात्कार' या कलमाला नाही म्हटलं आणि 'लैंगिक अत्याचार' याला हो म्हटलं, कारण न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या कायद्यात बलात्काराची व्याख्या फारच अरुंद होती. मग जुलैमध्ये न्यायाधीश कॅप्लन यांनी लिहिलं की सामान्य माणूस ज्याला बलात्कार म्हणतो तेच ज्युरीला सिद्ध झालेलं दिसलं. पुढे एका निवेदकाने टीव्हीवर 'बलात्कार' शब्द वापरला म्हणून ट्रम्पनी एबीसी या टीव्ही चॅनेलवर दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चॅनेलने दीड कोटी डॉलरवर मिटवलं. मधल्या काळात, २०२४ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कने व्याख्याच रुंद केली. ट्रम्प आजही सगळं नाकारतात.

सातारी मास्तर
म्हणजे कोशातल्या अर्थाला काही किंमतच उरली नाही.

कोथरूड_९१
लेखात दुसरी बाजू पण आहे ना ताई? २०२० मध्ये बायडन यांच्या सिनेट ऑफिसात पूर्वी काम केलेल्या एका बाईने १९९३ च्या प्रसंगाबद्दल सांगितलं, बायडननी नाकारलं, आणि २०१८ मध्ये फोर्डबाईंसाठी बॅनर धरणारे बरेच लोक एकदम पुरावे मागायला लागले. तेव्हा कुठे गेला होता 'शब्द प्रमाण'?

जर्सीकर
आहे, तो भाग मी गाळणार नाही. दोन्हीकडचे नेमके तेच तेच लोक शब्द कसे बदलतात हे लेखात जोडीने ठेवलंय. समोरच्या पक्षाचा माणूस असला की 'पीडिता', 'धाडस', 'वाचा फोडली'. आपला असला की 'एवढी वर्षं गप्प का होती', 'निवडणुकीच्या तोंडावरच बरं आठवलं'. सुप्रीम कोर्टासाठी नाव आलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्याबद्दल अनिता हिल बोलल्या १९९१ मध्ये, तेव्हाही हेच, आणि थॉमस सिनेटमध्ये ५२-४८ ने कोर्टावर गेलेच. मला एवढंच हवंय की माझ्या भाषांतरात दोन्ही बाजूंच्या बायकांना एकच शब्द मिळावा, म्हणून तर हा धागा काढला.

वऱ्हाडी
अमेरिका ठेवा बाजूला, १९७२ चं देसाईगंज आठवा. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. आदिवासी मुलगी, पोलिस ठाण्यातच दोन पोलिसांनी. सेशन्स कोर्टाने तिलाच खोटारडी ठरवलं, नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धगमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, तेव्हा १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं, की कोठडीतल्या बलात्कारात संबंध आला हे सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं ती म्हणाली तर कोर्टाने तसं गृहीत धरायचं. क्लार्कसाहेब, तुमचं 'गृहीत धरणे' इथे कायद्यातच आहे, आणि ते फुकट मिळालेलं नाही. आमच्याकडे जुनी माणसं अजून त्या मुलीचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

बेंच क्लार्क (निवृत्त)
बरोबर आहे तुमचं. फक्त ते कोठडीपुरतं आणि अशाच काही परिस्थितींपुरतं आहे, सरसकट नाही.

सिंधुदुर्गातली
फिर्याद, तक्रार, आरोप, सगळं बघितलं पण 'गाऱ्हाणं' कोणी काढलं नाही. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा पूर्ण गाव 'होय महाराजा' म्हणतो. पुरावा आण असं देवापुढे कोणी म्हणत नाही. बाईचं गाऱ्हाणं असं आधी पूर्ण ऐकून तरी घ्यावं, मग चौकशी करा ना हवी तेवढी.

मुळाक्षर
'होय महाराजा' म्हणजे शहानिशा न करता होकार, ज्याच्यावर बोट ठेवलं त्याचं काय? खोट्या केसमध्ये अडकलेला माणूस मी जवळून बघितलाय, त्याची नोकरी गेली.

सिंधुदुर्गातली
आणि खऱ्या केसमध्ये गप्प बसलेल्या बायका मी जवळून बघितल्यात, त्यांचं कुठे मोजलंय कोणी? भाषेतच बघा. खोट्या आरोपाला आपल्याकडे आळ, बालंट, किटाळ, कुभांड, तोहमत, वर कांगावा. खरं सांगणाऱ्या बाईला एक तरी खास शब्द सांगा.

मुळाक्षर
'कांगावा' त्यात कसा बसवलात? आळ, बालंट हे दुसऱ्यावर येतं. कांगावा म्हणजे स्वतःच करून स्वतःच बोंबलणं, ते पुरुषही करतात.

अमृता_सं
करतात की. आरोप झाल्याबरोबर 'हा माझ्याविरुद्ध राजकीय कट आहे' म्हणून पत्रकार परिषद घेतात, त्यालाच कांगावा म्हणायला हवं, पण छापून येताना तो शब्द फक्त बाईच्या नावापुढे लागतो.

सातारी मास्तर
आळ 'घेणे' की 'आणणे', हे मात्र एकदा ठरवा. आमच्याकडे चवथीचा चंद्र बघितला की आळ 'येतो', श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आला तसा. 'आळ घेतला' म्हणजे दुसऱ्याने कोणावर तरी घेतला.

वऱ्हाडी
तिन्ही आहेत मास्तर. आमच्याकडे 'आळ लावला' सुद्धा म्हणतात.

जर्सीकर
घोषणेचं राहिलंच पण. शुक्रवारी मजकूर द्यायचाय. तूर्त 'तिचं म्हणणं खरं धरून चला' असं ठेवलंय, आणि कॉलिन्सबाईंसाठी 'घटना मानली, नाव मानलं नाही'.

सातारी मास्तर
'खरं धरून चला' लांब होतंय हो. आणि 'लावला' कोणत्या कोशात आहे, वऱ्हाडी?