जुन्या घराचं छप्पर बदलायचंय, पर्यावरणपूरक पर्याय सुचवा

पागोळी:
नमस्कार मंडळी. घर जुनं, बैठं. पुढच्या भागावर कौलं आहेत, मागे नंतर काढलेल्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे. कौलं सरकतात, ठिकठिकाणी गळतं आणि आढ्याजवळ काही वासे खचलेत. मागच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. घरात पक्ष पडलेत. सासरे म्हणतात सगळं उतरवा आणि स्लॅब टाका, एकदाचं मिटेल. नवरा म्हणतो रंगीत पत्रा, काम झटपट होतं. माझं म्हणणं, खर्च करायचाच तर घर थंड राहावं, पावसाचं पाणी साठवता यावं आणि पुढेमागे सौर पॅनेल बसवता यावेत. चौकशीला गेलं की प्रत्येक माल 'इको-फ्रेंडली'च निघतो. पत्र्यावर हिरवं पान, रंगाच्या डब्यावरही हिरवं पान. नक्की बघायचं काय?

कौलारू:
पागोळीताई, आधी सांगा, कौलं फुटलीत की नुसती सरकलीत? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगलं भाजलेलं कौल शंभर वर्षंही टिकतं, आधी मान टाकतात त्या त्याखालच्या रिपा, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या. रीप वाकली की कौलाच्या खालच्या अंगाचा उंचवटा तिच्यात अडकत नाही, मग वाऱ्याने ते खाली घसरतं आणि फटीतून पाणी आत येतं. दोष कौलाला मिळतो.

एकेक कौल हातात घेऊन टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर धड आहे, बद्द वाजलं तर आत तडा आहे. पापुद्रे सुटलेली बाजूला काढा. जुनी कौलं उतरवून नव्या रिपांवर परत चढवणं हा माझ्या मते या धाग्यावरचा सगळ्यात हिरवा पर्याय आहे. कौल भाजायला साधारण हजार अंशांची भट्टी लागते आणि ते इंधन केव्हाच जळून गेलंय. ती फेकून दुसरा कितीही 'हरित' माल आणलात, तरी तो बनवायला नव्याने ऊर्जा लागणारच.

सुतारपक्षी:
कौलांचं सावकाश बघा, मागच्या पत्र्यांकडे आधी. सिमेंटचे जुने पत्रे म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाचे खनिज तंतू असण्याची दाट शक्यता. नुसतं बघून कळत नाही, नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो, आणि तो नमुनासुद्धा माहीतगाराकडूनच काढून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आजार उमटायला कैक दशकं जातात.

धड पत्रा जागेवर असताना धोका कमी असतो. तो फोडला, कापला, त्याला भोक पाडलं की बारीक तंतू हवेत उडतात. त्यामुळे तिथे ड्रिल नको, शेवाळ घासणं नको, जोराच्या पाण्याने धुणं नको आणि कोरडा झाडूही नको. काढायची वेळ आलीच तर प्रशिक्षित माणसं बोलवा. पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे आणि ठरलेल्या ठिकाणीच पाठवायचे. तुकडे करून भरावात टाकतात लोक, कृपा करून ते करू नका. तपासणी होईपर्यंत त्यावरचं पाणी प्यायला साठवू नका.

गच्चीवरचा:
सासऱ्यांची बाजू मांडतो, नाहीतर त्यांच्यावर अन्याय व्हायचा. स्लॅब टिकतो आणि वर गच्ची मिळते. पण वजन बघा. १२ सेंमी जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भरतो. कौलं साधारण ४० ते ६० किलो, अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा जेमतेम ४ किलो. जुन्या भिंती आणि पाया हे पेलणार का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगेल, गवंडी नाही.

दुसरं म्हणजे सिमेंट. ते बनवताना चुनखडी भाजतात आणि त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीला कितीही स्वच्छ इंधन दिलं तरी हा भाग सुटत नाही. स्लॅबच हवा असेल तर फिलर स्लॅबचं विचारा. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण असतो आणि तो घेते सळई, तिथलं काँक्रीट ताकदीत फारशी भर घालत नाही. म्हणून सळयांच्या मधल्या चौकोनांत फुटकी-जुनी कौलं बसवतात. काँक्रीट वाचतं, वजन उतरतं. तुमच्या बद्द वाजणाऱ्या कौलांची सोय तिथे होईल.

रिकामटेकडा:
एवढा खल कशाला, गवताने शाकारा! याहून नैसर्गिक काय असणार?

कौलारू:
@रिकामटेकडा, पाणी झरझर निथळायला ४५ अंशांच्या पुढचा उतार लागतो, आगीचा धोका वेगळाच आणि वर शाकारणारा माणूस शोधा. जिथे गवत आणि कारागीर दोन्ही हाताशी आहेत तिथे झकास. यांच्या वाशांचा उतार तेवढा असेल असं वाटत नाही.

ऊनसावली:
घर थंड राहण्याबद्दल कुणी बोललंच नाही, आणि खरा फायदा तर तिथेच आहे. छप्पर एकदाच बनतं, पंखा नि एसी रोज चालतात.

दोन गोष्टी विचारायच्या. छप्पर ऊन किती परतवतं, आणि तापल्यावर ती उष्णता बाहेर किती टाकतं. दोन्ही लागतात. नवा कोरा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण तापला की उष्णता सोडत नाही, म्हणून हात लावला तर चटका बसतो. त्यावर फिकट रंगाचा थर दिला की दुसरी बाजूही सुधारते. गडद छप्पर उन्हाळ्याच्या दुपारी ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातं. पांढरं परावर्तक छप्पर त्याहून २५-३० अंशांनी थंड राहू शकतं. 'एसआरआय' नावाचा आकडा या दोन्ही गुणांवरून काढतात, जितका जास्त तितकं बरं. विक्रेत्याला नव्या मालाचा नाही, तीन वर्षं वापरलेल्या मालाचा आकडा विचारा. धूळ-शेवाळाने पांढऱ्याचा मळकट रंग होतो आणि आकडा उतरतो. थंड हवेच्या गावात राहणाऱ्यांनी मात्र हे सगळं आंधळेपणाने घेऊ नये, तिथे हिवाळ्यात तीच ऊब हवी असते.

नवऱ्याने पत्र्याचाच हट्ट धरला तर पत्रा आणि आतलं छत यांत हवा खेळायला जागा ठेवा. वळचणीतून हवा आत, आढ्यातून बाहेर. चंदेरी फॉइल लावणार असाल तर तिच्या एका बाजूला तरी मोकळी पोकळी हवीच, पत्र्याला चिकटवली की पैसे वाया. आणि फॉइलचं तोंड खाली असू द्या, वर असलं की धूळ बसते.

कौलांत ही हवा आपसूक खेळते. म्हणून माझं मत कौलारूंच्या पारड्यात.

थेंबथेंब:
पाण्याचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. क्षेत्रफळ मात्र उतरत्या पाख्याचं धरू नका, छपराची जमिनीवर जेवढी सावली पडेल तेवढंच धरा. ६० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पडला तर १,५०० लिटर, त्यातून कौलं पितात, उडतं, पन्हळीतून सांडतं ते वजा करा. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायची सोय हवीच, पक्ष्यांची घाण नि धूळ त्यातच येते.

डांबरी शिंगल्स, तांब्याचे पत्रे, शिशाच्या पट्ट्या आणि शेवाळ मारायची औषधं यांच्यावरून आलेलं पाणी पिण्यासाठी टाळा. जस्ताच्या पत्र्यावरून थोडं जस्त उतरतं, बागेला चालेल. पत्र्यावर कसला लेप आहे आणि तो पिण्याच्या पाण्याला चालतो का, हे लेखी मागा.

पागोळी:
बाप रे, किती माहिती! अ‍ॅस्बेस्टॉसचं डोक्यातच आलं नव्हतं, तपासणी लगेच करून घेते. कौलं वाजवून बघितली, बहुतेक खणखणीत आहेत. सासरे 'कुठला नवा खूळ' म्हणत आले आणि मग स्वतःच वाजवत बसले. पुढचा भाग कौलांचाच ठेवायचा यावर दोघेही राजी झालेत. दोन शंका. कौलांखाली प्लास्टिक अंथरू का, गळती कायमची जाईल? आणि मागच्या खोल्यांवर माती घालून हिरवं छप्पर करता येईल का? फोटो फार सुंदर असतात.

सुतारपक्षी:
साधं प्लास्टिक नको. घरातली वाफ त्याखाली अडते, लाकूड ओलं राहतं आणि कुजतं. पाणी अडवणारी पण वाफ जाऊ देणारी अंडरले चादर मिळते. ती वाशांवर अंथरा, तिच्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या ठोका आणि मग आडव्या रिपा. उभ्या पट्ट्या टाळल्या तर आडव्या रिपेमागे पाणी आणि कचरा साचतो. पैसे वाचवायला मिस्त्री नेमकं हेच गाळतात, समोर उभं राहून बघा.

गच्चीवरचा:
हिरव्या छपराचा मोह मलाही होता. १० सेंमी माती-मिश्रण पाणी प्यायल्यावर चौरस मीटरला १०० ते १५० किलो होतं. खाली मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड लागतं. फिलर स्लॅब नव्याने टाकणार असाल तर हे वजन आधीच हिशेबात घ्यायला इंजिनिअरला सांगा. पत्र्याच्या सांगाड्यावर नकोच. आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते आजच ठरवा.

रिकामटेकडा:
प्लास्टिकच्या कचऱ्यापासून केलेल्या कौलांचं काय? आमच्या ओळखीत एकाने घातलीत.

ऊनसावली:
वजनाला हलकी, दिसायला बरी. पण तीन गोष्टी विचारून घ्या: आगीची चाचणी कुठल्या दर्जाची, उन्हाने किती वर्षांत ठिसूळ होतात आणि निकामी झाल्यावर कंपनी परत घेते का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण विषय बदलतात. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमला निदान भंगारवाला आनंदाने घेतो, आणि भंगारातून अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजातून करण्याच्या तुलनेत ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते.

पागोळीताई, हिरव्या पानाच्या चित्राऐवजी आयएसओ १४०२५ प्रमाणे केलेलं पर्यावरणीय घोषणापत्र मागा. त्यात माल बनवताना किती कार्बन सुटला वगैरे आकडे असतात. माल चांगला की वाईट ते त्यात लिहिलेलं नसतं, ते तुलना करून आपणच ठरवायचं.

पागोळी:
शेवटचं. सौर पॅनेल आत्ता नाही, नंतर. वासे बदलतानाच काय करून ठेवू?

कौलारू:
दिवसभर ऊन येतं ते पाखं ठरवा आणि त्या बाजूचे वासे थोडे जाड घ्या. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला १० ते १५ किलो येतात, पण खरा ताण वाऱ्याच्या ओढीचा असतो. पॅनेल धरणारे हूक कौलाखालून थेट वाशात बसतात, कौलाला भोक पाडायचं नाही. वायरीसाठी एक रिकामा पाइप आत्ताच घालून ठेवा. अंडरले अंथरण्याआधी मोजपट्टी ठेवून प्रत्येक वाशाचा फोटो काढा आणि भिंतीपासूनचं अंतर लिहून ठेवा, नंतर बसवणारा माणूस वासे शोधायला दहा कौलं उचकटणार नाही. आणि १०० एक कौलं जादा काढून ठेवा, त्याच साच्याची पुढे मिळतीलच असं नाही.