‘बॅज इंजिनिअरिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘फरीना’ गाड्यांवरील लेखाचे भाषांतर करीत आहे. इटलीच्या पिनिनफरीनाने रेखाटलेली एकच कौटुंबिक सलून गाडी १९५८-५९ मध्ये ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, एमजी मॅग्नेट, रायली आणि वूल्झली अशा पाच नावांनी विक्रीस आली. या प्रकाराला मी ‘नामांतर’ म्हटले, ते संपादकांनी खोडले. दुसरा शब्द कोणता?

प्रतिसाद: संपादकांचे योग्यच आहे. नामांतरात जुने नाव जाते. येथे पाचही नावे एकाच वेळी नांदत होती. ‘बिल्लाबदल’ लिहावे. रेल्वे हमालाच्या पितळी बिल्ल्यामुळे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रतिसाद: सहमत नाही. १४८९ सीसीचे इंजिन पाचही गाड्यांत असले, तरी एमजी आणि रायली यांना दोन कार्ब्युरेटर होते, आणि वूल्झलीला उभी जाळी, तिच्यावर रात्री उजळणारे नाव व आत अक्रोडाचे लाकूड होते. १९५२ च्या विलीनीकरणानंतरही ऑस्टिन आणि मॉरिस यांचे विक्रेते वेगळेच राहिल्यामुळे प्रत्येकाला स्वतःची गाडी हवी होती. एवढा व्यवहार ‘बिल्ला’ या शब्दात मावत नाही. ‘भावंडगाड्या’ म्हणावे.

प्रतिसाद: मग आमच्या वडिलांची अ‍ॅम्बॅसेडरही भावंडच ठरेल.

प्रतिसाद: ठरणार नाही. अ‍ॅम्बॅसेडर उत्तरपाड्याला तयार झाली ती त्याआधीच्या, तिसऱ्या मालिकेच्या ऑक्सफर्डवरून. फरीना ऑक्सफर्ड ही पाचवी मालिका. ती फार तर चुलत नात्यातली.

प्रतिसाद: गॅरेजमध्ये ‘भावंडगाडी’ कोणालाही कळणार नाही. ‘बॅज इंजिनिअरिंग’ तसेच ठेवावे.

प्रतिसाद: ‘महापौर’ हा शब्दही एके काळी कोणाच्या तोंडी नव्हता. सावरकरांनी तो दिला, आपण वापरला आणि तो रुळला. मला अधिक खटकतो तो ‘सलून’. मराठी वाचकाला त्यातून केशकर्तनालय तरी आठवते, किंवा रेल्वे अधिकाऱ्यांचा खास डबा. ‘चारदारी गाडी’ लिहावे.

प्रतिसाद: रेल्वेचा सलून आणि गाडीतला सलून एकाच फ्रेंच शब्दातून, म्हणजे ‘दिवाणखान्या’तून, आले आहेत, तेव्हा तो अर्थ परका नाही. शिवाय याच केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या, पाठीमागे सामानाचे दार असलेल्या एस्टेट आवृत्त्याही निघाल्या आणि त्यांनाही बाजूला चारच दारे होती. ‘चारदारी’ म्हटल्यास हा भेद पुसला जाईल.