पैसा ओतणं आणि विश्वास ठेवणं वेगळं
फुटबॉल क्लबच्या मालकांनी नव्या खेळाडूंवर एवढा पैसा ओतला म्हणजे मॅनेजरवर भरवसा आहेच, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. इंग्लंडच्या चेल्सी क्लबचंच घ्या. 2022 च्या उन्हाळ्यात नव्या मालकांनी 25 कोटी पौंडांच्या वर खर्च केला, 1 सप्टेंबरला खरेदीची मुदत संपली आणि 7 तारखेला मॅनेजर टुकेलला काढून टाकलं. नवे घेतलेले फोफाना, कुकुरेया अजून रुळलेही नव्हते.

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठेवला की पुढच्या पाडव्यापर्यंत. यंदा माझ्या कपाशीत अर्धं तास (ओळ) उगवलंच नाही. गड्यानं दोन दिवस वाकून नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावलं. बियाणं मीच आणलेलं, त्याला कशाला बोलू? आर्सेनल क्लबनं मॅनेजर आर्टेटाला असंच सांभाळलं: लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा नंबर, तरी 2021 मध्ये व्हाइट, ओडेगार्ड हे खेळाडू आणून दिले. 2022-23 ला संघ दुसरा आला.