म्हाताऱ्यांना फक्त कॅन्यन दाखवा म्हणे!

साठीपार: काल इथं कोणीतरी लिहिलं, अमेरिकेत यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आईवडील आले तर कॅन्यन, म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, फिरवा, 'ते पायनियर म्युझियम म्हणजे मेलेल्यांच्या चपला, कोण बघतंय'. डोकंच फिरलं. आम्ही दोघं रिटायर्ड, मुलाकडे आलेलो, सकाळी लिटल कॉटनवुड कॅन्यन आणि दुपारी ते म्युझियम केलं, म्हणजे इकडे येऊन वसलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या, पायनियरांच्या, वस्तूंचं. कॅन्यन झकासच, पण गावातलं मॉर्मनांचं मोठं टेंपल याच कॅन्यनच्या दगडाचं, १८५३ ते १८९३ चाळीस वर्षं बांधत होते, हे कळल्यावर तो डोंगर वेगळाच दिसतो. आणि म्युझियममध्ये माणसांच्या केसांची फुलं! बारीक तारेवर केस गुंडाळून पाकळ्या केल्यात, काळ्या, तपकिरी, मधेच एक पांढरी. ही काचेला नाक लावून वीस मिनिटं उभी. तिकीटसुद्धा नाही.

कॅन्यनवाला: तो मीच. केस बघायला एवढं विमानात अवघडून यायचं? माझ्या बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना वर डोंगरात ब्रायटनला सिल्व्हर लेक तळ्याच्या लाकडी वाटेवर फिरवलं, एकदम खूश. तुमच्या म्युझियममध्ये कपाटांमागून कपाटं, पाय तुटतात.

साठीपार: आणि साडेआठ हजार फुटांच्या वर दम लागला नाही का बाबांना?

कॅन्यनवाला: लागला थोडा. बाकावर बसवलं. तुम्हाला काय करायचंय?

चिंचगुळ: कसले पायनियर? २४ जुलै १८४७ ला मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग या खोऱ्यात उतरला तेव्हा ते रिकामं होतं का? यूट, शोशोनी हे इथले मूळ रहिवासी कुठे गेले मग? जानेवारी १८६३ मध्ये बेअर रिव्हर नदीकाठी अमेरिकी सैन्याने शोशोनींची कत्तल केली, बायकापोरांसकट. ते सोडून फुलं बघा तुम्ही.

साठीपार: मान्य, राज्याचं नावच यूटांवरून पडलंय. पण १८५६ ला हातगाड्या ओढत इकडे निघालेल्या मॉर्मनांच्या दोन तुकड्या बर्फात अडकून दोनशेच्या वर माणसं गेली, त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यायलाही तुमची परवानगी लागते का?

पितळी_तपेलं: केसांचं सोडा हो, त्या लोकांनी पणजीची भांडीकुंडी जपली. आमच्याकडे धाकट्या जावेने सासूबाईंचं घंगाळ आणि तीन तपेली मोडीत घातली, किलोवर! त्या पैशात नॉनस्टिकचा सेट आणला, वर मला फोटो पाठवला. सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं त्यावर.

नवी_सून: जाऊबाईंची बाजू कोणी घेणार का? चिंच लावून घासायचं कोणी, कल्हईवाला शोधायचा कुठे? आठवणी तुमच्या आणि हात आमचे काळे.

पितळी_तपेलं: घासायला नको तर नुसतं ठेवायचं! पुण्यात केळकर म्युझियममध्ये साधे अडकित्तेसुद्धा जपलेत, तिकीट काढून बघतात लोक.

नवी_सून: मग तुम्ही का नाही नेलंत घंगाळ?

पितळी_तपेलं: आमचा वन बीएचके आहे.

नवी_सून: 🙏

चिंचगुळ: शोशोनींवरून घंगाळावर. वा.

कॅन्यनवाला: धागा कॅन्यनचा होता, आठवण करून देतो. पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला भरतकाम-विणकामाचं वेड आहे. नेतो तिला तुमच्या त्या केसांकडे. अर्धा तास, फार नाही.

साठीपार: रविवारी नेऊ नकोस, बंद असतं. आणि अर्ध्या तासात ती बाहेर आली तर मला सांग.

पितळी_तपेलं: नाव कोरलेलं होतं हो. मोडवाल्याने ते तरी वाचलं असेल का?