अमेरिकेचा अध्यक्ष कोणी निवडावा: ५३८ इलेक्टरांनी की सगळ्या मतदारांनी?

हडसनकाठ
न्यू जर्सीत मत द्यायला लागल्यापासून एक गोष्ट मला सलते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात सभांवर सभा होतात. इथे अध्यक्ष थेट मतांनी नाही, राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरांच्या, बहुमताने ठरतो; आणि बहुतेक राज्यांत पहिल्या आलेल्यालाच राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. आमचे १४ इलेक्टर कुठल्या पक्षाचे असणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. त्यांच्या १९ चं शेवटपर्यंत नक्की नसतं.

२००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या आघाडीवर जॉर्ज डब्ल्यू. बुश अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या, अध्यक्ष ट्रम्प झाले. गव्हर्नर, सिनेटर, महापौर, सगळे इथे थेट मतांवर निवडतात. मग देशातल्या सर्वोच्च पदालाच वेगळा न्याय का? माझं मत स्पष्ट आहे: इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे ही इलेक्टरांची पद्धत, जावं आणि देशभरातली मतं सरळ मोजावीत.

टेक्सासकर
ताई, असहमत. हा ५० राज्यांचा संघ आहे. इथे देशभराची एक मतदारयादी नाही, एक निवडणूक आयोग नाही. मतदान प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने घेतं. टपाली मत कधीपर्यंत चालेल, ओळखपत्र लागेल की नाही, हेसुद्धा राज्याराज्यात वेगळं. अशी मतं एकाच ढिगात कशी घालणार?

आणि २००० चंच घ्या. वाद फ्लोरिडापुरता राहिला, तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाच आठवडे गेले. थेट मतांत निकाल अटीतटीचा लागला तर प्रत्येक काउंटीत फेरमोजणी मागतील. त्या गोंधळाची कल्पना करा.

काळीमाती
फेरमोजणीची भीती मला उलटी वाटते. २०२० मध्ये बायडन देशात सुमारे ७० लाख मतांनी पुढे होते. एवढ्या फरकावर फेरमोजणी कोण मागेल? पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी मिळून ४३ हजारांच्या आत होती. ती तिन्ही हातची गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती आणि निर्णय संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे गेला असता. तिथे एका राज्याला एक मत, मग वायोमिंग आणि कॅलिफोर्निया सारखेच. मोठा फरक लहान करून दाखवणारी आणि मग त्या लहान फरकावर भांडायला लावणारी ही पद्धत आहे.

टेक्सासकर
वायोमिंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो: लहान राज्यांना थोडं झुकतं माप देणं हे संघराज्याच्या करारातच होतं. ते काढलं तर उमेदवार न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन करतील आणि शेतीवाल्या राज्यांना विचारणार नाहीत.

हडसनकाठ
आजही कोण विचारतं त्यांना? वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख लोकांमागे ३ इलेक्टर, कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटींमागे ५४. म्हणजे वायोमिंगच्या माणसाचं वजन पावणेचार पट. तरी उमेदवार तिथे जात नाहीत, कारण तिथला निकाल ठरलेला. २०२४ चा सगळा प्रचार सात राज्यांभोवती फिरला आणि त्यांत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशी मोठी राज्यंच जास्त.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते राज्यातल्या विजेत्याला सगळे इलेक्टर देणं. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मतं कुठल्या राज्यातून मिळाली? तुमच्या टेक्सासमधून नव्हे, कॅलिफोर्नियातून: ६० लाख. त्यांचा एकही इलेक्टर झाला नाही. टेक्सासमध्ये बायडन यांना मत देणाऱ्या ५२ लाखांचंही तेच झालं.

घाटमाथा
पुण्यातून वाचतोय. आपल्याकडेही पंतप्रधान एकूण मतांवर ठरत नाही, लोकसभेच्या जागांवर ठरतो. मग अमेरिकेलाच दोष का?

काळीमाती
फरक मोठा आहे. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास बरोबरीत होती. ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७, एक अपक्ष. अमेरिकी नियम लावला असता तर किंचित पुढे असलेल्या आघाडीला ४८ च्या ४८ गेल्या असत्या. हे आपण मान्य केलं असतं का?

टेक्सासकर
हा मुद्दा मला पटतो. पण त्यावर उपाय मेन आणि नेब्रास्का या राज्यांचा आहे: प्रत्येक मतदारसंघाचा एक इलेक्टर, राज्याच्या विजेत्याला दोन. कॉलेज मोडायची गरज नाही.

हडसनकाठ
तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरेल. मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत राजकारणीच आखतात. २०१२ मध्ये ओबामा सुमारे ५० लाख मतांनी पुढे होते, पण मतदारसंघ त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांनी जास्त जिंकले: २२६ विरुद्ध २०९. देशभर नेब्रास्काची पद्धत असती तर रॉम्नी अध्यक्ष झाले असते.

पूर्वजांच्या कराराबद्दलही बोलायला हवं. १७८७ च्या घटना परिषदेत घटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनीच सांगितलं होतं की थेट निवडणुकीत दक्षिणेकडच्या राज्यांना आपल्या गुलामांच्या संख्येचं वजन मिळणार नाही. गुलामांना मत नव्हतं, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना ते तीन-पंचमांश मोजले जात, आणि इलेक्टरांची संख्या त्यावरूनच ठरली. लहान राज्यांची काळजी ही त्या कराराची एकच बाजू होती.

टेक्सासकर
इतिहास मान्य. तरी एक विचारतो. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना ४३ टक्के मतं होती. थेट पद्धतीत पाच-सहा उमेदवार उभे राहिले आणि ३० टक्क्यांवर कोणी जिंकला, तर चालेल?

काळीमाती
नाही. म्हणून फ्रान्ससारखी दुसरी फेरी हवी. पहिल्या फेरीत निम्म्याच्या वर कोणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. आत्ताच्या पद्धतीतही ४३ टक्केवाला जिंकतोच आहे, हे विसरू नका.

टेक्सासकर
पण घटनादुरुस्ती होणार नाही. थेट निवडणुकीची दुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहात प्रचंड बहुमताने मंजूर झाली, अध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता, तरी सिनेटमध्ये अडली. आणि २७० इलेक्टरांएवढी राज्यं जमली की आपले इलेक्टर देशातल्या विजेत्याला द्यायचे, हा जो राज्यांचा करार आहे, त्यात तुमचं न्यू जर्सी २००८ पासून आहे. तो २०२४ मध्ये लागू असता तर न्यू जर्सीत हॅरिस जिंकूनही तुमचे १४ ट्रम्प यांना गेले असते. मनापासून सांगा, चालेल?

हडसनकाठ
चालेल. मी हॅरिस यांना मत दिलं होतं आणि निकालाने मला दुःख झालं. पण त्या वेळी देशातही ट्रम्प यांनाच जास्त मतं होती. न्यू जर्सीत त्यांना १९ लाखांवर लोकांनी मत दिलं, आमच्या गल्लीतलेही त्यात आहेत, आणि त्यांच्या मतांचा इलेक्टरांच्या यादीत मागमूस नाही. कॅलिफोर्नियातल्या ६० लाखांबद्दल जे मी वर लिहिलं ते यांनाही लागू आहे. करार पुरा झाला तर पहिल्याच निवडणुकीत माझा उमेदवार त्यामुळे पडू शकतो, हे धरूनच मी त्याच्या बाजूने आहे.