मराठी माध्यमातून आयआयटीची तयारी: कोटा की जळगाव?

प्रश्न (रावेरहून एक पालक): माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानला गेली आहे. आमची केळीची शेती आहे. तिला आयआयटीत जायचे आहे. त्यासाठी तिला कोट्याला पाठवावे, की जळगावात ठेवावे? मराठीतून परीक्षा देता येते का?

उत्तर (धुळ्याचे निवृत्त शिक्षक): आयआयटीच्या वाटेवरची पहिली प्रवेश परीक्षा जेईई मेन 2021पासून मराठीतूनही देता येते, मात्र भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. मेनमधून सुमारे अडीच लाख विद्यार्थी ज्या जेईई अॅडव्हान्स्डसाठी, म्हणजे खुद्द आयआयटीच्या प्रवेश परीक्षेसाठी, पात्र ठरतात, ती परीक्षा फक्त इंग्रजी व हिंदीत होते, आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणून भौतिकशास्त्राच्या इंग्रजी संज्ञा आजपासूनच तिच्या वहीत यायला हव्यात. बारावीला 75 टक्के गुण किंवा मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते, हेही विसरू नका.

उत्तर (चोपड्याची माजी विद्यार्थिनी): दादा, मी जळगावात राहूनच तयारी केली. घरी दर रविवारी जाता येई, हा आधार मला शिकवणीइतकाच मोलाचा वाटला. आयआयटीत 2018पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत, आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र अवश्य भरा.

रावेरचे पालक: आभारी आहे. कोट्याचा विचार सोडला. संज्ञांची वही आजच आणतो.